लकाकी

जुलैचा शेवटचा आठवडा. वेसाव्याच्या खाडीकाठी ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, एकमेकांना खेटून लागलेले, त्यांच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीच्या खळग्यांत साठलेलं पावसाचं पाणी. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायला चार-पाच दिवस राहिले की या काठावर एकच लगबग सुटते. कुठे इंजिनाचं हेड उघडलेलं, कुठे फाटक्या जाळ्याची शिवण चालू, कुठे बर्फाच्या खणाला नवा पत्रा. त्याच गडबडीत भिंतीला टेकवून ठेवलेले दोन बोर्ड, जाळ्याच्या पुढे ओढले जाणारे. लाकडी फळ्यांचे, भोवती लोखंडी चौकट, एखादं दार आडवं करून ठेवावं तसे. वेल्डरने एका बोर्डाच्या तळाची जुनी लोखंडी पट्टी कापून बाजूला टाकली होती आणि नवी जोडायला घेतली होती. तांडेल आला, जुनी पट्टी त्याने पायाने उलटी केली, वाकून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारच्या पोऱ्याला म्हणाला, ‘बघ, पुढच्या टोकाला जास्त उजळलीय. नाक खुपसत होता बोर्ड. म्हणून जाळ्यात चिखल येत होता.’ पोऱ्याने मान हलवली. तांडेल पुढे गेला.

बोर्डाचं बाकी सगळं लोखंड गंजून लाल झालेलं. कड्या लाल, साखळ्या लाल, चौकटीचे कोपरे पापुद्रे सुटल्यासारखे. दोन महिने पावसात पडलेल्या लोखंडाचं होतं तेच झालेलं. ही एक पट्टी मात्र तेल लावून ठेवलेली, त्यामुळे कल्हई केल्यासारखी पांढरी राहिलेली. तळहात फिरवला तर कुठे खरखर नाही. मागच्या टोकाला तिची जाडी तशीच होती आणि पुढे येता येता ती जुन्या कोयत्यासारखी पातळ होत गेली होती. कोणत्याही कारखान्यात असं पॉलिश झालेलं नव्हतं. दहा महिने ही पट्टी समुद्राच्या तळावर घासली गेली होती, आणि तळाने तिला उजळवलं होतं.

ती लकाकी डोक्यातून जाईना.

तांडेलाने जे वाचलं ते खरंच वाचता येतं. तळाला नेमकं काय चाललंय हे बोटीवरून दिसत नाही. दिसतात त्या पाण्यात तिरक्या गेलेल्या दोन वायरी, बस्स. मग जाळं वर आलं की पट्टीची लकाकी बघायची. मधल्या भागापासून मागच्या टाचेपर्यंत सारखी उजळली असेल तर बोर्ड नीट चाललाय. फक्त पुढे उजळली असेल तर तो नाक खाली घालून तळ खणतोय. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला चमक असेल तर तो त्या बाजूला कलतोय. यातलं सगळं साखळ्यांवर ठरतं. पतंगाला कण्णी बांधताना गाठ जराशी वरखाली झाली की पतंग गोता खातो किंवा वाऱ्यावर नुसता पडून राहतो, बोर्डाचंही तंतोतंत तसंच. बोट पुढे जाते तेव्हा पाण्याचा जोर तिरप्या फळीवर बसतो आणि एक बोर्ड डावीकडे, एक उजवीकडे असा बाहेर ढकलला जातो. त्या दोघांच्या ओढीने मधल्या जाळ्याचं तोंड उघडं राहतं. साखळीची कडी एक घर मागे घेतली की कोन वाढतो, जाळं जास्त फाकतं, पण डिझेल जास्त पितं. एक घर पुढे घेतली की बोर्ड हलका चालतो आणि जाळ्याचं तोंड मिटायला लागतं. वायर किती सोडायची याचाही हिशेब असतो: पंधरा-सोळा वाव पाणी असेल (वाव म्हणजे सुमारे सहा फूट) तर त्याच्या साधारण पाचपट. कमी सोडली तर बोर्ड तळ सोडून उचलले जातात. वळताना घाई केली तर आतल्या बाजूचा बोर्ड मंदावून आडवा पडतो, दोन्ही वायरींना पीळ बसतो, आणि मग तास-दोन तास वायर ओढणाऱ्या विंचवर सगळ्यांनी लटकून ती गुंतागुंत सोडवायची.

बोर्डांमागून लांब दोर, दोरांमागे जाळ्याचे दोन पंख, मग पोट, मग शेवटची पिशवी. वरच्या काठाला तरंगणारे गोळे, खालच्या काठाला शिशाची वजनं किंवा साखळी. ही साखळी मुद्दाम लावलेली असते. कोळंबी दिवसा चिखलात अंग लपवून बसते, साखळीचा धक्का लागला की ती उडी मारते आणि मागून येणाऱ्या जाळ्यात पडते. चपटा लेप मासाही तसाच उठतो. बोर्ड आणि दोर चिखल उडवत येतात तो ढगही कामाचा. मासा त्या गढूळ भिंतीपासून दूर पळतो आणि दोन भिंतींच्या मधे, जाळ्याच्या वाटेवर येतो. तळाला घासणं हा या पद्धतीत चुकून होणारा प्रकार नव्हे. तळाला लागलंच नाही तर कोळंबी मिळत नाही, आणि कोळंबी मिळाली नाही तर डिझेलचे पैसे निघत नाहीत.

एका ओढीत किती तळ घासला जातो, याचा अंदाज कागदावर सहज निघतो. बोटीचा वेग अडीच नॉट धरू, म्हणजे तासाला साडेचार किलोमीटरच्या थोडं वर. तीन तासांची ओढ म्हणजे चौदा किलोमीटर. दोन बोर्डांमधलं अंतर समजा वीस मीटर. गुणाकार केला की सुमारे २८ हेक्टर येतात, सत्तर एकरांच्या जवळपास. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे. तेव्हा एका बोटीच्या एका ओढीत अडीच शिवाजी पार्क झाडली जातात, कट्टा धरून. दिवसरात्र मिळून चार ओढी झाल्या तर दहा. आठ-दहा दिवसांची फेरी असते, आणि बोट एकटी नसते. सगळ्यांनाच चांगली जागा माहीत असते, त्यामुळे काल एकाने ओढलेल्या पट्ट्यावरून आज दुसरा जातो. बोर्डाखालचा पट्टा अरुंद असतो, तिथे मऊ चिखलात वीतभर किंवा त्याहूनही खोल चर पडतो. मधल्या रुंद भागात दोर आणि साखळी वरवरचा थर खरवडत जातात. वरवरचा म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर. ऐकायला ते काहीच नाही असं वाटतं.

पण तळावरचं बहुतेक आयुष्य त्या दोन-तीन सेंटिमीटरांतच असतं.

मुंबईचा समुद्र चिखलाचा. किनाऱ्यापासून बाहेर जाल तसा पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत हिरवट-करडा मऊ गाळ, नद्यांनी आणि खाड्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला. त्याच्या पलीकडे, ज्याला नकाशांवर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणतात तिथे, चुनखडी वाळूचं पठार लागतं. समुद्राची पातळी खूप खाली होती तेव्हा ते उथळ पाण्यात तयार झालं. मुंबईसमोरची ही उथळ समुद्रभूमी जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे, देशात सगळ्यात रुंद. एवढं सपाट, एवढं मऊ, एवढं उथळ रान पुढ्यात असल्यावर ट्रॉलर इथे रुजला यात नवल नाही. खडप असतं तर जाळी फाटली असती. चिखल कुणालाच अडवत नाही.

चिखल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाण येते. ओहोटीच्या वेळी माहीमच्या किंवा शिवडीच्या काठावर उभं राहिलं तर नाक आधी बंद होतं. तरी तिथेच वाकून बघावं. वरचा थर तपकिरी, जेमतेम नखाएवढा जाड. बोट खुपसलं की खाली काळं लागतं आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तपकिरी म्हणजे प्राणवायू पोचलाय, काळं म्हणजे पोचलेला नाही. आणि त्या काळ्यात मधूनच तपकिरी रेघा खाली उतरलेल्या दिसतात. ती बिळं. किड्यांची, खेकड्यांची, बिळात राहणाऱ्या कोळंब्यांची. जनावर आत राहतं, शेपटी-पाय हलवून पाणी आत खेचतं, त्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि बिळाच्या भिंती तपकिरी होतात. समुद्राच्या तळालाही हाच कारभार चालतो, फक्त तिथे ओहोटी लागत नाही म्हणून तो दिसत नाही. पॉलीकीट जातीचे किडे स्वतःच्या चिकट स्रावाने गाळाचे कण जोडून नळ्या बांधतात. कागदी स्ट्रॉसारख्या, पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाड. अशा शेकडो नळ्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या की गाळ बांधला जातो, लव्हाळ्याच्या मुळांनी नदीकाठ धरून ठेवावा तसा. त्यांच्या आडोशाला बारीक शिंपले, त्यांच्यावर बारीक गोगलगाई. कोळंबी हे किडे आणि त्यांचं उष्टं खाते, ढोमा कोळंबीची पिल्लं खातो, घोळ ढोम्याला खातो. आपल्या ताटातल्या म्हावऱ्याची चूल या नळ्यांपाशी पेटलेली असते.

आणि या चिखलात ‘सी पेन’ नावाचा एक जीव राहतो. मुंबईकरांना तो बघायला फार लांब जावं लागत नाही, ओहोटीला गिरगाव आणि जुहूच्या चौपाटीवर तो लोकांनी पाहिलेला आहे. पिसाची लेखणी वाळूत उभी रोवावी असा दिसतो. खालचा मांसल देठ गाळात रुतलेला, वर पिसाच्या दोन्ही बाजूंना ओळीने बारीक बारीक तोंडं, प्रत्येक तोंड म्हणजे वेगळा प्राणी, सगळे मिळून एकच वस्ती. प्रवाळाच्याच कुळातला. प्रवाळाला खडक लागतो, याला चिखल चालतो, एवढाच फरक. खोल पाण्यात अशा पिसांची शेतं असतात. मऊ, सपाट, कुठेही आडोसा नसलेल्या तळावर हीच काय ती झाडी. पिल्लं तिच्यात दडतात, तारामाशांचे बारीक हातांचे भाऊबंद तिला वेटोळं घालून बसतात. काही जाती धक्का लागला की देठासकट गाळात आत सरकतात. त्यांना तेवढा वेळ मिळाला तर.

साखळी आली की पहिली मोडते ती उभी राहणारी गोष्ट. नळ्या, पिसं, स्पंज, जे जे तळापासून बोटभर वर आलंय ते. मग उथळ बिळं बुजतात. काळा गाळ वर येतो, तपकिरी खाली जातो, आणि पाण्यात गेलेला बारीक गाळ तासन्‌तास तरंगून कुठेतरी दुसरीकडे, शिंपल्यांच्या आणि पिसांच्या उघड्या तोंडांवर बसतो. पाणी गाळून खाणाऱ्याच्या तोंडात माती जाते. सगळं मरतं असं नाही. जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली मांडला गेला, त्यात बोर्डवाल्या ट्रॉलची एक खेप तळावरच्या जीवांचं सरासरी ६ टक्के वजन कमी करते असं निघालं. जाळं सरासरी २.४ सेंटिमीटर खोल जातं हेही त्याच हिशेबातलं. सहा टक्के म्हणजे फार नाही, असं म्हणून कुणी विषय संपवू शकतो. पण मधे भर पडली नाही आणि त्याच जागेवरून दहा खेपा गेल्या, तर शंभरातले चोपन्न उरतात. आणि भर पडायला वेळ लागतो. निम्म्यावर आलेला तळ पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत यायला त्याच अभ्यासात २ ते ६ वर्षांच्या दरम्यानचा काळ दिलाय. त्यातही आधी परततात ते चार-सहा महिन्यांत जन्मून मरणारे बारीक किडे. दहा-पंधरा वर्षं जगणारा शिंपला, सावकाश वाढणारं पीस, हे शेवटी येतात, किंवा येतच नाहीत, कारण ते मोठे व्हायच्या आत पुढची साखळी येते. सतत घासलेला तळ ओसाड दिसत नाही. तिथे जीव असतात, भरपूर असतात, पण सगळे लहान, सगळे घाईत जगणारे. वाडी मोडून तिथे रोज उठणारा बाजार बसावा तसे.

धक्क्यावर याला एक उत्तर नेहमी मिळतं. ‘आम्ही तर समुद्र नांगरतो. शेतात नांगर फिरला की पीक चांगलं येतं, तसंच हे.’ बोलणारा मनापासून बोलतो, आणि मराठीत तर ते फार पटकन पटतं, कारण आपल्याकडे नांगर हा शब्द शेतकऱ्याचाही आहे आणि दर्यावर्दीचाही. एकाचा जमीन उलटतो, दुसऱ्याचा बोट धरून ठेवतो. उत्तरात थोडं तथ्यही आहे. घासलेल्या जागेवर मेलेले-मोडलेले जीव खायला मासे गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे चांगली ओढ लागते. पण शेतकरी नांगरतो तेव्हा शेत मोकळं असतं, पीक उभं असताना कुणी नांगर घालत नाही. नांगरल्यावर तो पेरतो. आणि तेच शेत हंगामात वीस वेळा नांगरलं तर मातीचं काय होतं, हे देशावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं.

ससून डॉकला पहाटे पाचला गेलं की या सगळ्याचा वर आलेला भाग दिसतो. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ही गोदी आता बर्फाच्या चुऱ्याने आणि माशाच्या पाण्याने सतत ओली असते. पाट्या डोक्यावरून धावत असतात, ‘बाजू, बाजू’ ओरडत कुणी अंगावरून जातं, लिलावाचे आकडे ऐकणाऱ्यालाच कळतील अशा वेगाने म्हटले जातात. पापलेट, सुरमई, माकुल, मोठी कोळंबी यांच्या टोपल्या वेगळ्या निघतात. मग राणीमासा, वाकटी, ढोमा. आणि सगळ्यात शेवटी फावड्याने ओढला जातो तो कुटा, ताटात न जाणारा बारीकसारीक माल. त्याच्यावर बर्फही जेमतेम टाकलेला असतो.

एका ढिगापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी तळाची जनगणना होते. बोटभर लांबीचे ढोमे, डोळे अजून काळेभोर. करंगळीएवढी वाकटी, चांदीच्या फितीसारखी गुंतलेली. तळहाताच्या निम्म्याने लेप, इतके पातळ की खालचा फरशीचा रंग दिसतो. स्क्विला, कोळंबीच्या लांबच्या नातलग, प्रार्थनाकीटकासारखे पुढचे पाय दुमडलेल्या, ढिगाच्या ढीग. मऊ कवचाचे लहान खेकडे, नांग्या तुटलेले. शंखासकट संन्यासी खेकडे. बारीक माकुलांची शाई सगळ्यांवर सांडलेली. मधेच एक तारामासा, पाचांतले तीन हात शाबूत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, गुटख्याची पाकिटं, एक चप्पल. आणि या सगळ्याला एकत्र धरणारा करडा गाळ, त्यात कागदी नळ्यांचे तुकडे, आत काहीच नसलेले. वर्गवारी करणारी बाई हातातल्या आकड्याने ढीग उकरते, चुकून राहिलेली कोळंबी उचलते आणि पुढे सरकते. तिचा दोष काय? तिला टोपलीवर पैसे मिळतात. पूर्वी यातलं बरंचसं बोटीवरूनच परत समुद्रात फेकलं जायचं, मेलेलंच, पण निदान खेकड्यांना खायला पडायचं. आता फिशमीलवाले घेतात म्हणून तेही धक्क्यावर येतं. वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि तळ्यांतल्या माशांच्या खाद्यात जातं. कुट्याला भाव आला आणि पिशवीची आसं, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवायला एक कारण वाढलं.

आसाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या जाळ्याचं आस शंकरपाळ्यासारखं असतं. हातात धरलं की मोकळं दिसतं. पाण्यात मागे वजन भरलं आणि ओढ बसली की शंकरपाळा लांबोडा होतो आणि मिटतो, मग कागदावर कितीही मिलिमीटर लिहिलेले असोत, बोटाएवढं पिल्लू बाहेर पडू शकत नाही. हेच जाळं ४५ अंशांत फिरवून, चौकोनी आस करून शिवलं तर ओढीतही भोक उघडं राहतं. म्हणून मासेमारी तंत्रज्ञानवाले पिशवीसाठी ४० मिलिमीटरचं चौकोनी आस सांगतात. नवीन पिशवी शिवायला फार खर्च नाही. पण एकाने लावली आणि शेजारच्याने नाही, तर सुटलेलं पिल्लू शेजारच्याच्या पिशवीत जाणार. सगळ्यांनी एकदम लावल्याशिवाय कुणी एकट्याने लावत नाही, आणि हा अडथळा समुद्रापेक्षा धक्क्यावरचा जास्त आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटला राज्यमासा केलं तेही त्याच वर्षी. चांगलंच झालं. पण लांबीचा नियम माशाला लागू होतो. मासा ज्या तळावर राहतो त्याची मोजपट्टी कुणाकडे नाही.

या तक्रारी नव्या नाहीत. १३७६ साली इंग्लंडात मच्छीमारांनीच राजाकडे अर्ज केला होता: कुणी एक नवं ओढतं जाळं काढलंय, तीन वाव लांब, आसं इतकी बारीक की काही सुटत नाही, वजन इतकं की तळावरची फुलं-झाडी मोडते, आणि त्यात सापडणाऱ्या बारीक माशांचं काय करावं हे न कळून लोक ते डुकरांना घालतात. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या त्या अर्जात फक्त डुकरांच्या जागी कोंबड्या घातल्या की तो आज ससून डॉकवरून पाठवता येईल. मुंबईच्या समुद्रात पहिलं मोठं ट्रॉल फिरलं ते १९२१-२२ मध्ये, ‘विल्यम कॅरिक’ नावाच्या वाफेच्या बोटीवरून, मासे कुठे किती आहेत हे शोधायला. १९४६ साली मुंबईत डीप सी फिशिंग स्टेशन निघालं, आजच्या फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं ते मूळ. पुढे यांत्रिक बोटी आल्या, गोठवलेल्या कोळंबीला परदेशात मोल आलं, सरकारने कर्जं दिली, अनुदानं दिली. शिडाच्या होडीवर उन्हात करपलेल्या माणसाला इंजिन मिळालं, पोरांना शाळा मिळाली, कुडाच्या जागी पक्कं घर आलं. हे विसरून तळाविषयी बोलणं खोटं होईल. ट्रॉलरचा नाखवा बऱ्याचदा कोळीच असतो, आणि डोलीवाला, म्हणजे एका जागी बांधलेल्या डोल जाळ्याने मासे धरणारा, कोळी त्याच्याच आळीत राहतो. ट्रॉलरने डोलीचे दोर तोडले म्हणून भांडण होतं आणि गणपतीला दोघं एकाच मांडवात असतात.

डोलही निर्दोष नाही. तिच्या खोल्याची, म्हणजे शेवटच्या पिशवीची, आसं बारीकच असतात, बोंबील-जवळ्याबरोबर पिल्लं मरतात. पण डोल एका जागी खुंट्यांना बांधून उभी राहते, भरती-ओहोटीचं पाणी जे घेऊन येईल ते घेते. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर उतरतो तेव्हा, पाणी सुस्त झालं की तीही सुस्त. खुंट्याएवढी जागा सोडली तर तळ तिला ओळखतही नाही.

तळासकट एखादी जात कशी जाते हे मुंबईने एकदा डोळ्यांदेखत पाहिलंय. वाळूतली शेवंड, चपट्या डोक्याची, मिशांच्या जागी दोन फावड्यांसारखे पत्रे असलेली. शास्त्रात तिला थेनस म्हणतात. दिवसा गाळ-वाळूत अंग पुरून पडायची, रात्री चरायला निघायची. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या ट्रॉलरांना ती चांगली मिळायची, निर्यातीत भाव होता. मादी अंड्यांचा केशरी घोस शेपटीखाली धरून फिरते, त्यामुळे तिला उचललं की पुढची पिढीही त्याच टोपलीत येते. अंडीवाली म्हणून कुणी परत सोडली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईतली तिची मासेमारी कोसळली, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तशी नोंद करून ठेवली. आता धक्क्यावरच्या तरण्या पोरांना तिचं चित्र दाखवलं तर ती काहीतरी परदेशी समजतात.

एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत ६१ दिवस समुद्र बंद असतो. पावसाळ्यात होडी काढायची नाही, नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचं नाही, हे कोळ्याने कायद्याच्या कितीतरी आधी ठरवलेलं. या दोन महिन्यांत बऱ्याच माशांची अंडी-पिल्लं होतात, माणसंही वादळात बुडण्यापासून वाचतात. पण तळाच्या हिशेबात ६१ दिवस काहीच नाहीत. एवढ्या वेळात एखादी नळी बांधून होईल, चिखल जरा बसेल, तपकिरी थर पुन्हा नखाएवढा जमेल. पीस उगवणार नाही. आणि एक ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम, सगळ्यात चांगल्या जागेवर. तळाला वर्षातून दोन महिने विश्रांती देण्यापेक्षा काही तुकडे बारा महिने सोडून द्यावेत, दहा वर्षं सोडून द्यावेत, यात जास्त शहाणपण आहे असं वाटतं. हाँगकाँगने २०१२ च्या ३१ डिसेंबरला आपल्या पाण्यातलं ट्रॉलिंग पूर्ण थांबवलं. तीन-चार वर्षांनी तिथल्या काही भागांत स्क्विलाच्या जातभाईंची संख्या आणि आकार वाढलेला मोजला गेला. इथे उद्या तसं करा म्हणणं सोपं, कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला ते ऐकवणं अवघड. कोचीच्या मासेमारी तंत्रज्ञान संस्थेने तळापासून थोडं वर चालणारं ट्रॉल बनवलंय. बोर्ड हलके, जाळ्याचं पोट तळाला टेकत नाही, डिझेलही वाचतं. मासे मिळतात. चिखलात बसलेली कोळंबी मात्र मिळत नाही, आणि सगळं पुन्हा तिथेच येऊन अडतं. कोळंबी आपल्यालाही हवी असते, श्रावण संपला की पहिल्याच रविवारी.

संध्याकाळपर्यंत वेसाव्याच्या काठावरच्या त्या बोर्डाला नवी पट्टी बसली होती. वेल्डिंगचे टवके हातोडीने झाडून झाले होते. भंगारवाला जुनी पट्टी काट्यावर टाकून घेऊन गेला. नवी होती तेव्हापेक्षा तिचं वजन बरंच कमी भरलं असणार, आणि ते कमी झालेलं लोखंड आता पंधरा-सोळा वावांखाली कुठेतरी पसरलेलं आहे. पोऱ्या रेड ऑक्साइडचा डबा घेऊन बसला होता. फळ्यांना तेल झालं, चौकट लाल झाली, कड्या झाल्या, आणि ब्रश खालच्या पट्टीपाशी आला.

‘ती राहू दे,’ तांडेल विंचवरूनच म्हणाला. ‘पहिल्या ओढीत निघून जाईल.’